आकाश काळं करणं आणि पिरॅमिड सरकवणं

‘एडिटिंग केलं म्हणजे फोटो खोटा’ हे सरसकट विधान पटण्यासारखं नाही. फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स यांचा ‘मूनराइज, हर्नांडेझ’ घ्या. 1941 साली न्यू मेक्सिकोत टिपलेल्या या फोटोच्या सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश बरंच उजळ आहे, ढगांचे पट्टे दिसतात. पुढे डार्करूममध्ये त्यांनी ते जवळजवळ काळंकुट्ट केलं. पण चंद्र, गाव, दफनभूमीतले पांढरे क्रूस, सगळं जागच्या जागी राहिलं. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने मात्र फेब्रुवारी 1982च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिडच जवळ सरकवले, का, तर आडवा फोटो उभ्या चौकटीत बसेना! फोटोग्राफर थोडा बाजूला उभा असता तर असंच दिसलं असतं, हा संपादकांचा बचाव. मग पुढून चाललेले उंटही वेगळ्या जागी दिसले असते, त्याचं काय?

कुणी म्हणेल, टेलिफोटो लेन्सही डोंगर जवळ आणतेच की. आणते, पण त्याच जागी उभं राहून ते कुणालाही पडताळता येतं. दुसरीकडचं आकाश चिकटवलेल्या फोटोत ती सोय उरत नाही. तसं करायचं तर खुशाल करा, फक्त कॅप्शनमध्ये लिहा.