वाफ रानाच्या वेशीवरच थांबली
(लेखमाला : वाफेचे दिवस – भाग ७)

मागच्या भागात आपण अमेरिकेतलं ‘डाँकी इंजिन’ पाहिलं. जॉन डॉल्बीयरने १८८१च्या सुमारास कॅलिफोर्नियात बनवलेलं हे यंत्र वाफेच्या जोरावर दोर गुंडाळत अवाढव्य ओंडके रानाबाहेर ओढायचं. आपल्या देशात कोचीन संस्थानाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चालाकुडीहून परांबिकुलमच्या सागवानापर्यंत वाफेची ट्रामगाडी नेली. अंबरनाथ-बदलापूरच्या दारातून तर कल्याण-पळसदरी लोहमार्ग १८५६ सालीच गेला होता. तरी इथल्या रानात वाफेचं यंत्र का शिरलं नाही?

उत्तर कोळशाच्या भट्टीत आहे.

पाऊस सरला की शेठची उचल घेतलेली कातकरी कुटुंबं रानात मुक्कामाला जायची. कुऱ्हाडीने लाकूड पाडायचं, रचायचं, वर पाला नि माती लिंपायची आणि आत जेमतेम धुमसण्यापुरती हवा राहील यावर रात्रंदिवस डोळा ठेवायचा. हवा जास्त झाली तर हाती राख. लाकडाचा कोळसा झाला की वजन चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं. मग डोंगरउतारावरून तो डोक्यावर आणि पुढे बैलगाडीने नेणं परवडतं. ओंडके ओढायला इंजिन लागतं, कोळशाच्या पाटीला माणूस पुरतो. शिवाय उचल सहसा फिटायची नाही, म्हणजे पुढच्या हंगामाला तोच माणूस पुन्हा हजर. इतकी स्वस्त मजुरी असताना बॉयलर कोण विकत घेणार? यंत्र न येण्याला तंत्राचं मागासलेपण म्हणतात. मला ते हिशेबाचं निबरपण वाटतं.

त्याच रानात कुणब्याला भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, फांद्या हव्या असत. १८७८च्या वनकायद्यानंतर या तोडीवर बंधनं आली आणि ठाणे जिल्ह्यात त्यावरून एवढी ओरड झाली, की सरकारला १८८५ साली चौकशी आयोग नेमावा लागला.

लाकडावर चालणारा मोठा कारखाना आला तो पुढे, काडेपेटीच्या निमित्ताने. १९२२ साली परदेशी काडेपेट्यांवरची जकात ग्रोसला दीड रुपया झाली. माल आणण्यापेक्षा इथेच करणं बरं, असं स्वीडिश कंपनीला वाटलं आणि १९२३ साली ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ स्थापन झाली. तीच आपली विमको. तिचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला.

काडीला लाकूड लागतं पांढरं, मऊ, सरळ धाग्याचं. म्हणजे आपली सावर. ओंडका यंत्रावर फिरवत पात्याने त्याचा पातळ पापुद्रा सोलायचा, त्याच्या काड्या पाडायच्या, त्या वाळवायच्या, मेणात भिजवायच्या आणि मग गूल लावायचा. पण सोलायला ओंडका ओला हवा, आणि तोडलेली सावर आपल्या उकाड्यात लवकर डागळते, किडते. त्यात ती रानात विखुरलेली. एक झाड इथे, तर दुसरं पार टेकडीपलीकडे. म्हणूनच मुंबईकडच्या काडेपेटी कारखान्यांत सुरुवातीला परदेशी अस्पेनचे ओंडकेही येत. सह्याद्रीच्या पायथ्याशी बोटीने आणलेलं लाकूड!

१९२९ साली कल्याण-पुणे मार्गाचं विद्युतीकरण झालं. इथल्या रानात न शिरताच वाफेचं इंजिन मुख्य मार्गावरूनही हटू लागलं.

विमकोच्या लाकूड खात्यात काम केलेलं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्यांच्याकडून ओंडके कुठून यायचे आणि कोण उतरवायचं, एवढं विचारून लिहून ठेवा. कारखान्याच्या आठवणी सांगणारे बरेच भेटतात, लाकडाच्या फार थोडे.