दाव्याच्या नंबराखालची एक ओळ

वादपत्रावर आधी कोर्टाचं नाव, मग दाव्याचा नंबर. काही वादपत्रांत मात्र नंबराच्या लगेच खाली कंसात आणखी एक ओळ असते: दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ३७ खाली. या ओळीने दाव्याची सगळी चालच उलटते.

एरवी आपल्यावर दावा झाला, की कैफियत देणं हा आपला हक्क. इथे बचाव करण्यासाठी आधी कोर्टाची परवानगी काढावी लागते! पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी तो नियम पुन्हा वरपासून वाचून काढला. वकील मंडळी याला ‘समरी सूट’ म्हणतात. हा मार्ग चेक, वचनचिठ्ठी, लेखी कराराने ठरलेलं देणं यांच्यासाठी. आणि या इंग्रजी कायद्याच्या मजकुरात आपली हुंडीही नावानिशी बसली आहे.

समजा, इचलकरंजीच्या सूत व्यापाऱ्याने उधारीवर माल दिला आणि कारखानदाराचा सात लाखांचा चेक न वटता परत आला. फौजदारी केस वेगळी. हा दावा निव्वळ पैशाचा. व्यापारी न्यायालयाची किमान रक्कम २०१८ मध्ये १ कोटीवरून ३ लाखांवर आली, म्हणून त्याला ते दार उघडं झालं. तातडीचा हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थी करावीच लागते.

मग समन्स निघतं. कारखानदाराने १० दिवसांत हजेरी लावली नाही, तर वादपत्रातलं म्हणणं त्याला कबूल आहे असं धरून हुकूमनामा होतो. म्हणजे गप्प बसणं हेच त्याचं उत्तर ठरतं. हजेरी लावली, तर व्यापारी प्रतिज्ञापत्र करतो की माझ्या समजुतीने याच्याकडे बचावच नाही, आणि दुसरं समन्स जातं. पुन्हा १० दिवस. त्यात परवानगीचा अर्ज.

खरी कसोटी इथे लागते. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या हबटाउन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या परवानगीच्या पायऱ्या घालून दिल्या. बचाव भक्कम असेल तर विनाअट परवानगी. मुद्दा आहे, पण प्रतिवादीच्या सचोटीची शंका येते, तर अट: पैसे भरा किंवा तारण द्या. बचाव फोल असेल तर परवानगी नाही. न्यायाधीशाच्या मनातली शंका अशी रुपयांत मोजली जाते, याचं मला अजून नवल वाटतं. थोडं देणं कबूल असेल, तर तेवढं कोर्टात भरल्याशिवाय परवानगीच नाही.

हा वेग ठरलेल्या रकमेपुरताच. पैसे अडकल्याने पुढचा सौदा हुकला, त्याची भरपाई व्यापाऱ्याने याच दाव्यात मागितली, तर ती ओळ लिहिता येत नाही. म्हणून त्याचा वकील ती मागणी वादपत्रातून काढून टाकतो आणि चेकची रक्कम व व्याज एवढंच ठेवतो.