समाजमनाची घडण – लेखांक ६ : अफवा, भीती आणि राईनपाडा

समाजात भीती पसरायला धोका खरा असावाच लागतो असे नाही. तो खरा वाटला तरी पुरते. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली अफवेच्या मुळाशी दोन गोष्टी दाखवल्या : विषय जिव्हाळ्याचा असणे आणि त्याबद्दलची माहिती धूसर असणे. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेत या दोन्ही गोष्टी पुरेपूर असतात.

२०१८ च्या उन्हाळ्यात ही अफवा व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे मूल उचलून नेतात, अशी एक चित्रफीत तेव्हा फार पसरली. ती मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेली होती. शेवटचा खुलासा कापून टाकल्यामुळे अभिनय खरी घटना वाटू लागला. एकच चित्रफीत तीन ओळखीच्यांकडून आली की पाहणाऱ्याला तीन साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते. पाठवणारा बहुधा काळजीपोटीच पाठवतो, म्हणून त्याच्यावर विश्वासही बसतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे आठवडे बाजार होता. मंगळवेढा परिसरातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेल्यावरही मारहाण थांबली नाही. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावाने पाच जणांना घेरले होते. तिथे पोलिसांनी त्यांना वाचवले.

भीतीला चेहरा लागतो, आणि तो बहुधा आधीच संशयित ठरलेल्या माणसाचा असतो. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण फिरस्त्यांविषयीचा संशय गेला नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या सोनगीरसारख्या गावाला वाटसरू नवा नाही. आडवाटेच्या पाड्यावर मात्र परकी बोली आणि परका वेश चटकन नजरेत भरतो. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी १९७२ च्या ग्रंथात हीच प्रक्रिया मांडली : एखादा गट धोका म्हणून पुढे येतो, वृत्तपत्रे त्याचे चित्र भडक करतात, मान्यवर इशारे देतात आणि प्रत्येक साधी हालचाल पुरावा ठरू लागते.

जमाव जमला की जबाबदारी विभागली जाते. शंका असलेलाही गप्प राहतो आणि त्याच्या गप्प राहण्याला संमती समजले जाते. म्हणून सर्वांत मोलाचा असतो तो पहिला प्रश्न : कोणाचे मूल हरवले? राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा आणण्याचे जाहीर केले. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. या उपायांनी अफवेचा वेग कमी होऊ शकतो. पण तिचे बळ तुटायचे असेल, तर परक्या माणसाची ओळख पोलीस पाटलाने किंवा पोलिसांनी पडताळेपर्यंत त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हा नियम प्रत्येक गावाने स्वतःहून पाळायला हवा.