सपाट मुलखातले कडे

जालना जिल्ह्याचा नकाशा पुढे ठेवून गिर्यारोहणातील अपघातांविषयी लिहावयास बसणे कोणालाही विक्षिप्तपणाचे वाटेल. कारण उत्तरेस भोकरदनकडे उतरत आलेले अजिंठ्याच्या रांगेचे फाटे आणि अंबड तालुक्यातील रोहिलागडचा परिसर सोडला, तर निजामी अमलाखालून आलेला आणि 1981 साली औरंगाबादपासून वेगळा निघालेला हा जिल्हा म्हणजे पूर्णा, दुधना आणि गोदावरी यांच्या आश्रयाने पसरलेला कापसाचा व मोसंबीचा सपाट मुलूख आहे. याच जिल्ह्यातील जांब येथे 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनाही एकांतासाठी घळी आणि गड सापडले ते शिवथरला आणि सज्जनगडला, म्हणजे थेट सह्याद्रीत. आणि येथील हौशी तरुणही पाठीवर पिशवी टाकून निघतात ते बहुधा त्याच दिशेने.

सह्याद्रीचा खडक दिसतो तितका विश्वासू नाही. ज्वालामुखीच्या रसाचे थरावर थर गोठून तो बनला आहे. दोन कठीण थरांच्या मध्ये कित्येकदा तांबूस, ठिसूळ मातीचा पट्टा असतो, आणि पावसाने व उन्हाने तो पोखरला गेला की वरचा धोंडा केवळ सवयीने जागेवर बसल्यासारखा राहतो व कोणी हाताने आधार घेताच त्याच्यासह खाली येतो. पावसाळ्यातले शेवाळ, कड्याला लोंबणारी आग्या मोहोळे आणि अंधार पडण्यापूर्वी खाली पोहोचण्याची घाई ही अपघाताची आणखी कारणे. परंतु जाणत्यांना अधिक धास्ती असते ती चढण्यापेक्षा उतरण्याची. चढताना सगळे लक्ष हाताच्या पकडीवर असते आणि दोर हा बहुधा पडल्यावरचा आधार असतो. दोरावरून उतरताना मात्र माणसाचा सारा भार प्रथमपासूनच त्या दोरावर आणि वरच्या आधारावर असतो, आणि दोर खडकाच्या धारेवर घासला, किंवा त्याच्या शेवटाला गाठ मारण्याचे विसरले, तर अनुभव कामी येण्यास अवकाशच उरत नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आतल्या बाजूस वळलेला असल्यामुळे उतरणारा खडकापासून दूर, अधांतरी लोंबकळतो; त्या कड्याचे ज्ञान ज्यांच्याइतके फार थोड्यांना होते त्या ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा 18 जानेवारी 2020 रोजी तेथेच मृत्यू झाला.

अपघातानंतरचा काळ घटकांनी मोजावा लागतो. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचू लागते, आणि जखम नसतानाही काही मिनिटांत शुद्ध हरपून जीव धोक्यात येऊ शकतो, हे सामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसते. ‘दोराला अडकला आहे, म्हणजे वाचला’ ही समजूत घातक आहे. त्याला वर ओढण्यासाठी दहा माणसांचे बळ लागते असेही नाही: कप्प्यांची रचना अशी करता येते की तीन मीटर दोर ओढावा तेव्हा भार एक मीटर उचलला जातो आणि घर्षणाची तूट वजा जाता श्रम जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतात. ही रचना वाचून समजते, पण कड्यावर, पावसात, खाली कोणी कण्हत असताना बांधता यावी यासाठी ती शेकडो वेळा बांधलेली असावी लागते.

महाराष्ट्रात ही सवय सरकारी हुकुमाने आली नाही. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स, खोपोलीचे यशवंती हायकर्स अशा मंडळांनी, पदरमोड करून आणि नोकऱ्या सांभाळून, आपापल्या दऱ्यांपुरती ती जोपासली. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात शेकडो फूट खाली गेली आणि 30 जणांचा अंत झाला. तेव्हा बचावलेला एकमेव प्रवासी दरी चढून वर आल्यावर वार्ता कळली, आणि शासकीय पथकांच्या बरोबरीने निसरड्या उतारावर दोर सोडून खाली गेले ते याच परिसरातले ट्रेकर. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे आणि तिचे कौशल्य निर्विवाद आहे. पण कोणतेही पथक अंतरापुढे हतबल असते.

हे अंतर जालन्याला अधिकच भोवते, कारण कडे येथेही आहेत. ते फक्त जमिनीच्या खाली उतरतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, 18 जुलै 2024 रोजी, पंढरपूरहून परतणाऱ्यांची जीप राजूर रस्त्यावर तुपेवाडीजवळ विहिरीत कोसळली आणि 7 जण दगावले. रस्त्यालगतची, कठडा नसलेली विहीर ही मराठवाड्यातील इतकी परिचित वस्तू आहे की तिला धोका म्हणून कोणी पाहतच नाही. तिच्या उभ्या भिंती, ढासळणारा काठ, खालचे पाणी आणि कोरड्या विहिरीत कधी साचणारी प्राणवायूविरहित हवा पाहता हे काम कड्यावरच्या कामापेक्षा सोपे नाही, आणि पहिल्याला काढावयास घाईने उतरलेला दुसरा तेथेच राहण्याचा प्रकार तर विहिरीतच अधिक घडतो.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले, ही तजवीज योग्यच आहे. माझ्या मते त्यांच्या दप्तरात तालुक्यातील पट्टीच्या पोहणाऱ्यांसोबत यारीवाल्यांचीही नावे असावीत. विहीर खोदणारी ही माणसे दोर, कप्पी, ढासळणारा काठ आणि खालून येणारी हाक यांच्यातच आयुष्य काढतात, आणि गावाच्या जवळ असतात. लोणावळ्याच्या किंवा महाबळेश्वरच्या मंडळांतील दोन जाणत्यांनी भोकरदनला चार दिवस मुक्काम करून त्यांना हार्नेस बांधणे, उतरण्यापूर्वी हवा तपासणे, धारेवर दोराखाली गोणपाट घालणे आणि मान न हलविता जखमीला स्ट्रेचरवर घेणे शिकविले, तर खर्च फारसा येणार नाही. स्ट्रेचर मात्र अरुंद आणि उभे ओढता येईल असेच घ्यावे. रुग्णवाहिकेतले नेहमीचे स्ट्रेचर विहिरीच्या तोंडाशी आडवे अडते.