लाकडाला रंग कसा चढतो?

विद्यार्थी मित्रांनो, पोळ्याला आपण लाकडाचा बैल करतो. कार्यानुभवाच्या तासाला गाडी, भोवरा करतो. मग हाताला येईल तो रंग फासला की झालं! पण थोड्याच दिवसांत त्याचे पोपडे निघतात. असे का होते?

झाड जिवंत असताना मुळांनी ओढलेले पाणी बारीक नळ्यांतून वर चढते. लाकूड वाळले तरी त्या नळ्या तशाच राहतात. पातळ रंग त्यांत मुरतो, जाड तैलरंग वर थर करून बसतो. मुरलेल्या रंगाचे पोपडे निघत नाहीत आणि लाकडाच्या रेघाही दिसतात. करवतीने आडव्या कापलेल्या भागात नळ्यांची तोंडे उघडी असतात. तिथे रंग जास्त पितो व काळपट दिसतो. म्हणून तो भाग पॉलिशपेपरने जास्त घासावा.

आता महत्त्वाची गोष्ट. आपले खेळणे धाकट्या भावंडाच्या तोंडात जाते. काही तैलरंगांत शिसे असते. ते पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूला अपाय होतो. आपल्या देशात २०१६ साली नियम झाला, की घरगुती रंगांच्या दहा लाख भागांत ९० पेक्षा जास्त भाग शिसे नसावे. पण जुन्या डब्यांत काय आहे कोण सांगणार? फाटकाचा किंवा ट्रॅक्टरचा उरलेला रंग खेळण्याला मुळीच लावू नका.

मग काय लावायचे? घरातलेच रंग.

१) पिवळा : हळद पाण्यात उकळून फडक्याने गाळा. हा रंग उन्हात उडतो व साबण लागला की लाल होतो.

२) तपकिरी : पानाचा कात गरम पाण्यात विरघळवा.

३) काळा : गुळाच्या पाण्यात गंजलेले खिळे टाकून दोन-तीन आठवडे ठेवा. झाकण घट्ट लावू नका. लाकडाला आधी बाभळीच्या सालीचा काढा लावा, वाळला की हे पाणी लावा. सालीतला तुरट पदार्थ व लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हा रंग खुंटीला, चौकटीला लावा, खेळण्याला नको. बाटलीवर नाव लिहा, हे पाणी पिण्याचे नाही!

उकळण्याचे काम मोठ्या माणसांसमोर करा. लाकूड कोरडे हवे. रंग रेघांच्या दिशेने चिंधीने लावा, वाळू द्या, पुन्हा लावा. शेवटी जवसाचे तेल पातळ चोळा. ते हवेने सुकते व पाण्यापासून राखते. तेलाची चिंधी बोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकते. बाहेर पसरून वाळवा.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. लाखकामात लाकूड लेथवर गरगर फिरवतात व त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाने लाख वितळून लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. ही लाख एका बारीक किड्यापासून मिळते. तो बोरीवर, पळसावरही वाढतो. बोरी तर आपल्या बारामती-इंदापूरच्या बांधाबांधावर आहेत!

तेव्हा मित्रांनो, आधी टाकाऊ तुकड्यावर रंग लावून पाहा, मग बैलावर. बाभळीवर, कडुलिंबावर आणि आंब्यावर एकच रंग कसा वेगवेगळा दिसतो, तेही वहीत लिहून ठेवा.