चाकोरीतला ऑफरोड

‘पाण्यात कधी घालणार गाडी?’

रविवारी सकाळी साडेसहाला, कन्हानच्या पुलाअलीकडच्या टपरीवर तर्री-पोह्यांची पहिली प्लेट संपायच्या आत हा प्रश्न येतोच. विचारणारा तिशीतला, पायात नवेकोरे ट्रेकिंग शूज, मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ. त्यात चिखल उडवत नदी पार करणारी जीप. मी म्हणतो, ‘नाही घालणार.’ त्याचा चेहरा असा पडतो, जणू मी त्याला सावजी हॉटेलात नेऊन वरण-भात मागवलाय!

मी कामठीचा. १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हानकाठी छावणी टाकली, तेव्हापासून हे गाव फौजेचं. आज गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र इथे आहे. त्यामुळे इथली पोरं पाळण्यातच जिप्सीचा आवाज ओळखायला शिकतात. त्यात बाबांचं जीप दुरुस्तीचं गॅरेज. शाळेत पाढे चुकायचे, पण गिअरबॉक्सचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की नाही, ते मी सांगायचो.

पुढे एमबीए, मग नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या एसी केबिनमध्ये बसून सात वर्षं लोकांना कारलोन विकली. २०१८ मध्ये राजीनामा दिला. फेअरवेलला सगळे म्हणाले, ‘बॉस, तू चाकोरीबाहेरचं करतोयस!’ मलाही तसंच वाटलं होतं. दोन सेकंडहँड जिप्सी आणि एक थार घेतली. तिच्यासाठी कर्ज काढलं, तेव्हा टेबलाची दुसरी बाजूही कळली.

जाता जाता, चाकोरी म्हणजे काय माहितेय? बैलगाडीच्या चाकांनी वाटेवर पडलेली जोडखाच. आमचा सगळा धंदा त्या खाचेतच चालतो.

विदर्भात शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेला पांदण म्हणतात. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी, मध्ये एका बंडीपुरती जागा. कन्हान ओलांडून रामटेककडे निघालात, की हायवेच्या दोन्ही अंगांना अशा वाटांचं जाळं आहे. कधी पेंचच्या कालव्याच्या कडेने, कधी पऱ्हाटी आणि तुरीच्या मधून. फोर-लोमध्ये, ताशी दहा-पंधराच्या वेगाने. साठेक किलोमीटरला पूर्ण दिवस जातो. दगड, खड्डे, कोरड्या नाल्याचे उभे काठ, एक चाक हवेत... थ्रिल म्हणाल तर भरपूर. फक्त चाक शेतात उतरवायचं नाही, नवी वाट पाडायची नाही आणि समोरून बंडी आली तर रिव्हर्स आपण घ्यायचा. अर्धा किलोमीटर असला तरी. ते बघून पुण्या-मुंबईचे पाहुणे टाळ्या वाजवतात. बैलांना त्याचं काही नसतं.

जंगलात आम्ही जात नाही. पेंचची सफारी वनखात्याची. तिथल्या गेटवरच्या जिप्सी वेगळ्या, नियम वेगळे. तरी फोन येतात, ‘वाघ दाखवाल का जवळून?’ ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात काय झालं, ते आठवून बघा. सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी अडवलं. व्हिडिओ देशभर फिरला आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत बसलेले लोक तुमच्या-माझ्यासारखेच होते. वीकेंडला निघालेले, पैसे मोजलेले. ‘थोडं पुढे घ्या ना’ म्हणणारा प्रत्येक गाडीत एक असतोच. मागे बसून मीही म्हटलं असतं कदाचित.

हे शहाणपण मला पहिल्या दिवसापासून नव्हतं, हेही सांगून टाकतो. जुलै २०१९. धो धो पाऊस, पाच गाड्यांचा ग्रुप (दोन त्यांच्या स्वतःच्या), आणि मी खुशीत. अशी गिऱ्हाइकं रोज येत नाहीत. एका पांदणीवर आम्ही तासभर धुमाकूळ घातला. गाडी फसव, विंचने ओढ, पुन्हा घाल. फोटो काय आले होते म्हणून सांगू!

आपली काळी माती ओली झाली की फुगते, लोण्यासारखी होते. मड टायरच्या दातांनी तिच्यात दीड-दोन फूट खोल चर पडतात. मग पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली, की तेच चर विटेसारखे कडक होतात. ऐन निंदण-खताच्या दिवसांत त्या वाटेवरून एका काकांची खताची बंडी निघाली आणि चाक चरात अडकून आख मोडला. पोती चिखलात.

काका माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. मी गेलो तर त्यांनी आधी पाणी दिलं. मग म्हणाले, ‘भाऊ, तुमची गाडी फसते तर तुम्ही हासता. आमची फसली तर हंगाम जाते.’

आख आणि खताचे पैसे मी दिले. चर बुजवायला चार मजूर तीन दिवस लावले. त्या ट्रिपमध्ये जेवढं कमावलं होतं, त्याहून जास्त गेलं. पण खरा खर्च पुढचा होता. जून ते सप्टेंबर गाड्या बंद, हे मी तेव्हा ठरवलं. लोकांना ऑफरोडिंग हवं असतं ते नेमकं याच चार महिन्यांत. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा कोण येणार? म्हणजे वर्ष सहा महिन्यांचं, ईएमआय बारा महिन्यांचे.

दोन वर्षांपूर्वी मिहानमधल्या एका कंपनीच्या एचआर मॅडमचा फोन आला. ऑगस्टमध्ये ऑफसाइट, चाळीस माणसं, ‘मड थीम’. आकडा ऐकून बायकोने भुवया उंचावल्या. मी नोव्हेंबर सुचवला. ‘नोव्हेंबरमध्ये मड कुठे असतो?’ हा त्यांचा प्रश्न अगदी लॉजिकल होता. बुकिंग गेलं. बायको दोन दिवस बोलली नाही. तिचंही बरोबर होतं, शाळेची फी त्याच आठवड्यात होती.

पावसात नाल्यात गाडी का घालायची नाही, हे सांगताना मी हिस्लॉप कॉलेजचा दाखला देतो. नागपुरात या कॉलेजवरून रोज हजारो लोक जातात, पण स्टीफन हिस्लॉप कसा गेला, हे फार कोणाला ठाऊक नसतं. हा स्कॉटिश मिशनरी दगडांचा वेडा. आमच्या कामठीच्या वालुकाश्मातले प्राचीन वनस्पतींचे जीवाश्म त्याने गोळा केले. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटचं उत्खनन बघून घोड्यावरून परतताना तो पुराच्या नाल्यात बुडाला. हे ऐकून ग्रुप पाचेक मिनिटं शांत बसतो. नाला तेव्हाही ‘एवढासाच’ दिसला असणार.

आणि उन्हाळ्यात कन्हानचं पात्र कोरडं पडतं तेव्हा? तेव्हा तिथे टिटवी असते. उघड्या रेती-गोट्यांत चार अंडी, रंग असा की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवीने अंडी कुठे घातली, यावरून आपल्याकडे पावसाचा अंदाज बांधतात. तो खरा ठरतो की नाही, देव जाणे. पण टायरखाली आली तर अंदाजही गेला आणि टिटवीही.

बाकी गोष्टी साध्या आहेत. पांदणीवर उतरण्याआधी टायरची हवा वीस पीएसआयच्या आसपास आणतो. चाक पसरतं, पकड वाढते आणि माती कमी उखडते. मड टायर विकून टाकले. जेवण गावातल्या बायका करतात, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची झणझणीत भाजी, पळसाच्या पत्रावळीवर. पैसे त्यांच्या हातात, त्याच दिवशी. पाण्याच्या बाटल्या घरून आणायच्या. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे कागदपत्रांची एक जाड फाइलही आता गाडीबरोबर फिरते.

त्याच वर्षी सरकारने शेत-पाणंद रस्त्यांची योजनाही आणली, बारमाही वापरता येतील असे रस्ते करायला. आमच्या रूटवरच्या एका पांदणीवर खडी पडली. पाहुणे कुरकुरले, ‘अरे, हा तर रोडच आहे!’ त्या शेतकऱ्याने मात्र पेढे वाटले होते. मीही खाल्ले.

मग गेल्या मे महिन्यात ते आख मोडलेले काका घरी आले. ‘तुम्ही बँकेत होते ना भाऊ? एक अर्ज लिहून द्या. आमच्या पांदणीले खडी पायजे.’ माझ्या रूटमधला सगळ्यात भारी पट्टा तो! त्यासाठीच लोक दुसऱ्यांदा येतात. मी चहा ठेवला, लॅपटॉप काढला आणि अर्ज टाइप केला. तीन प्रती, खाली गावकऱ्यांच्या सह्यांसाठी जागा सोडून.

ऑक्टोबरात दिवाळीच्या आधी काकांचा फोन आला. सीझन सुरू करायचा तो त्यांच्या फोननंतरच, असा आमचा रिवाज.

‘वाट वाळली भाऊ. बंडी चालून राह्यली. आणा तुमचे पाहुणे,’ ते म्हणाले. ‘आणि हो, येता येता तहसीलमध्ये विचारून या, अर्जाचं काय झालं ते.’