एका तबकडीचे दोन पाठ



एकच गाणे, तेच गायक, वेष्टनावरचे चित्रही तेच. आणि तरीही एका घरी ते लावले असता एक ऐकू यावे व शेजारच्या घरी दुसरेच ऐकू यावे, असा प्रकार घडला आहे, असे म्हटले तर आपणांस नवल वाटेल. परंतु अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या एका वाद्यवृंदाच्या बाबतीत तो खरोखरच घडला, आणि त्यावरून रसिकांत जो मतभेद माजला तो जवळजवळ वीस वर्षे शमला नाही. त्या मतभेदाच्या मुळाशी काय होते, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

या वाद्यवृंदाचे नाव झीझी टॉप. ह्यूस्टन शहरी 1969 मध्ये तो उभा राहिला. माणसे अवघी तीन: गिटार वाजविणारे बिली गिबन्स, बास गिटार वाजविणारे डस्टी हिल, आणि ड्रमवर फ्रँक बिअर्ड. गिबन्स व हिल हे दोघे गातही असत. 1973 च्या जुलै महिन्यात त्यांचा तिसरा गीतसंग्रह प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘त्रेस ओंब्रेस’. म्हणजे स्पॅनिश भाषेत ‘तीन पुरुष’. गाणी दहा, सगळी मिळून सुमारे 33 मिनिटांची. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गायनाला विजेच्या गिटारची जोड देऊन जो ब्लूज रॉक नावाचा प्रकार निर्माण झाला, त्याचा हा एक उत्तम नमुना मानला जातो. अमेरिकेतील खपाच्या यादीत तो आठव्या क्रमांकापर्यंत चढला, आणि ‘ला ग्रेंज’ या त्यातील गाण्याने वृंदाचे नाव सर्वतोमुखी केले.

या संग्रहाची गोडी कशात आहे? माझ्या मते ती मोकळ्या जागेत आहे. तीनच वाद्ये, त्यामुळे एक आघात आणि दुसरा आघात यांच्यामध्ये अवकाश राहतो. ‘ला ग्रेंज’चा आरंभच पाहा. गिटारची एक खर्जातली, खरखरीत चाल. तिच्या जोडीला ड्रमच्या कडेवर काडीचा कोरडा टकटकाट. आणि गिबन्स यांचे गाणे म्हणण्यापेक्षा पुटपुटणेच अधिक. मग एकाएकी तिघेही जण पुऱ्या जोराने तुटून पडतात. आधीचा तो कोरडेपणा नसता, तर नंतरच्या त्या जोराला काही अर्थच उरला नसता. तसेच पहिले गाणे संपते न संपते तोच दुसरे सुरू होते; मध्ये श्वास घ्यावयासही उसंत नाही. नित्य ऐकणाऱ्यांच्या मनात ती दोन गाणी एकच होऊन बसली आहेत.

आता थोडे यांत्रिक अंगाकडे वळू. अशा ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्य व प्रत्येक आवाज फितीच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर टिपून घेतात. नंतर कोणता आवाज पुढे, कोणता मागे, कोणाला किती घुमारा, हे ठरवून ते सर्व पट्टे एकत्र मिसळतात. या मिश्रणातून जी फीत सिद्ध होते ती मूळ फीत. तिच्यावरून तबकड्या निघतात. ‘त्रेस ओंब्रेस’चे मिश्रण मेम्फिस येथील आर्डेंट ध्वनिमुद्रणालयात टेरी मॅनिंग या तंत्रज्ञाने केले होते. पुढे नवी आवृत्ती काढावयाची झाल्यास दोन मार्ग असतात. मूळ फीत घेऊन तिच्यावरील खरखर कमी करावी, आवाज स्वच्छ करावा, हा एक. पट्टे पुन्हा सुटे करून मिश्रणच नव्याने करावे, हा दुसरा. पहिला मार्ग म्हणजे कंदिलाची काच पुसणे होय. दुसरा म्हणजे आतली ज्योत बदलणे.

1983 मध्ये या वृंदाचा ‘एलिमिनेटर’ नावाचा संग्रह निघाला. त्यात यंत्राने वाजविलेला ताल व विद्युत्-स्वरवाद्ये यांचा सढळ उपयोग होता, आणि त्याचा खप अफाट झाला. पुढे 1987 मध्ये जुने सहा संग्रह तीन सीडींच्या एका संचात काढले गेले, तेव्हा त्यांतील पहिल्या पाचांचे मिश्रण त्या नव्या अभिरुचीस जुळेल असे बदलण्यात आले. सर्वांत अधिक फटका बसला तो ड्रमला. फ्रँक बिअर्ड यांचा तो आटोपशीर, कोरडा हात नाहीसा झाला. प्रत्येक आघाताला मोठ्या दिवाणखान्यातल्यासारखा घुमारा आला आणि तो मध्येच कापल्यासारखा तुटू लागला. जी मोकळी जागा हे या संगीताचे मर्म, तीच बुजली. ‘त्रेस ओंब्रेस’ची जी सुटी सीडी बाजारात होती तिच्यावर वेष्टन जुनेच, पण आतला पाठ मात्र हाच नवा होता.

यावर रसिकांत तट पडले. जुनी तबकडी ज्यांच्या कानांत मुरलेली होती त्यांना हा विश्वासघात वाटला. पुष्कळांनी सीडी बाजूस ठेवून जुन्या बाजारात मूळ तबकड्या शोधावयास प्रारंभ केला. उलटपक्षी, ज्यांची या गाण्यांशी पहिली ओळख 1987 नंतर झाली त्यांच्यापैकी काहींना नवा पाठच ओळखीचा व जोमदार वाटे. त्यांना दोष कसा द्यावा? पहिल्या भेटीत जो चेहरा दिसतो तोच आपण खरा मानतो.

2006 मध्ये ‘त्रेस ओंब्रेस’ मूळ मिश्रणासह पुन्हा निघाला. अखेरीस तीन गाणी जाहीर मैफलीतली जोडली होती. 2013 साली वृंदाच्या दहा संग्रहांचा जो संच निघाला त्यात इतर जुन्या संग्रहांचे मूळ मिश्रणही परत आले. तरी वाद अगदीच मिटला असे नाही. काही काटेकोर श्रोत्यांना 2006 ची आवृत्तीही थोडी चढ्या आवाजाची वाटते, आणि जुन्या तबकडीचा ऊबदारपणा तिच्यात नाही असे ते म्हणतात. परंतु हा मतभेद काच किती पुसावी याविषयीचा आहे, ज्योतीविषयीचा नव्हे.

मग कलावंताने आपली कृती पुन्हा हाती घेऊच नये काय? असे माझे म्हणणे नाही. कवी आपल्या कविता सुधारतात, नाटककार प्रवेश बदलतात. पण नवा पाठ जुन्याशेजारी ठेवणे निराळे, आणि जुना उचलून त्याच्या जागी, त्याच नावाने, नवा ठेवणे निराळे. एकनाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती तिला आपल्या काळाचा वेष चढविण्यासाठी नव्हे, तर मध्यंतरी चढलेली पुटे उतरविण्यासाठी. संपादकाचा धर्म तो हाच.

डस्टी हिल 2021 मध्ये निवर्तले. आता ते तिघे मिळून तसे पुन्हा कधीच वाजविणार नाहीत. 1973 साली त्यांनी जे वाजविले आणि जसे ऐकविले, त्याची साक्ष त्या मूळ फितीत आहे. ती साक्ष काही काळ बाजारातून दिसेनाशी झाली असता ज्यांनी जुन्या तबकड्या जपल्या, आणि ‘हे ते नव्हे’ असे कुरकुरत का होईना पण सांगत राहिले, त्या हट्टी श्रोत्यांचे आपण आभारच मानले पाहिजेत. श्रोत्याचे काम केवळ ऐकण्याचे नसते. आपण काय ऐकले होते ते लक्षात ठेवण्याचेही असते.